चार शब्दांचे चाळीस गुण

देवगडच्या स्टँडवरून सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही नऊ जण कोल्हापूरला निघालो. आठ छात्रसैनिक आणि नववा मी. त्या आठांना शिबिराची हौस होती, मला मुळीच नव्हती. मी कॉलेजात मराठी शिकवतो. छात्रसेनेचा अधिकारी झालो तो निव्वळ स्टाफ मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून. मी दारात पाऊल टाकेपर्यंत माझं नाव सुचवून टाळ्यासुद्धा वाजून झाल्या होत्या. नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं, आणि गणवेशाचा पट्टा माझ्या पोटाला तेव्हाच पुरेना झाला होता.

गाडी सुटताना शीतल जाधवचे वडील खिडकीशी आले. शीतल आमच्या तुकडीची प्रमुख, शेवटच्या वर्षाला. या शिबिरातून एकाच विद्यार्थ्याची शिफारस होणार होती. त्याला सैन्यातल्या अधिकारपदाच्या मुलाखतीसाठी खास प्रशिक्षण मिळणार होतं. शीतलचं हे शेवटचं शिबिर, म्हणजे शेवटची संधी. तिचे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम. ते म्हणाले, "सर, माझा चेडू (मुलगी) साहेब होतला म्हणान मी वाडीत सांगान ठेवलंय हां!"

"अहो, आधीच कशाला सांगितलंत?" मी म्हणालो.

"मगे सांगण्यात काय मजा?" ते म्हणाले. शीतलनं कपाळाला हात लावला आणि गाडी सुटली.

गगनबावड्याच्या घाटात आमचे तीन भावी सेनानी खिडकीतून डोकी बाहेर काढून ओकले. मी चौथा. वर स्टँडवर चहा घेतला, तेव्हा कुठं जिवात जीव आला. पुढं डोंगर मागं पडले आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस सुरू झाला. आमच्या डोळ्यांना माडांची सवय. हे बुटकं, दाट, न संपणारं रान बघून मला उगाचच गुदमरल्यासारखं झालं.

कोल्हापूरच्या स्टँडबाहेर एका रिक्षावाल्यानं आमचे गणवेश बघितले. "मिल्ट्रीत चाललाय व्हय पावणं?" मग माझ्या पोटाकडं बघत म्हणाला, "तुमी बी?" पोरं फिदीफिदी हसली. पण त्या भल्या माणसानं आणखी दोन रिक्षा बोलावल्या आणि आम्हाला शहराबाहेरच्या माळावर, तंबूंपाशी नेऊन सोडलं.

शिबिराचे प्रमुख कर्नलसाहेब बारीक अंगाचे, हळू बोलणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्य परीक्षा समजावून सांगितली. सहा कॉलेजांच्या सहा तुकड्या अर्ध्या-अर्ध्या तासानं निघणार. हातात नकाशा आणि होकायंत्र. आधी एका गुऱ्हाळापर्यंत जायचं, तिथून नवी दिशा धरून टेकडीवरचं देऊळ गाठायचं. वाटेत कुणाला रस्ता विचारायचा नाही. प्रत्येक तुकडीबरोबर तिच्याच कॉलेजचा अधिकारी निरीक्षक म्हणून चालेल, दंडाला पांढरी फीत बांधून.

"आणि निरीक्षक बोलणार नाहीत," कर्नलसाहेब म्हणाले. "एका शब्दाला तुकडीचे दहा गुण वजा."

 पंचवीस वर्षं मी अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासाला पन्नास मिनिटं बोलत आलोय. झोपेतसुद्धा बोलतो असं आमची ही सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिली तुकडी आमची निघाली. शीतल पुढं, मी शेपटाला. बांधावर भेटलेला प्रत्येक माणूस तिला ओलांडून थेट माझ्याकडं यायचा. "काय मास्तर, कुठनं आलाय?" मी ओठ मिटून शीतलकडं हात करायचो. "ही पोरगी? ही सायेब हाय व्हय तुमची?" मी मान हलवायचो. असं पाचसहा वेळा झालं. शेवटी एक बाई दुसरीला म्हणाली, "मास्तर मुकं हाय गं. शिकिवतंय कसं कुणास ठाऊक!" आमच्या पोरांना तो दिवसभराचा सगळ्यात मोठा विनोद वाटला.

नऊच्या सुमाराला गुऱ्हाळ आलं. मालक आबा, सत्तरीचे, मिशा पांढऱ्याशुभ्र. कढईत रस उकळत होता, त्यामुळं चरक (ऊस पिळायचं यंत्र) बंद होता. "या की, या! रस पिल्याबिगर कोन हालायचं न्हाय!" असं ओरडत त्यांनी तांबे भरून पुढं केले. मी तीन तांबे रिचवले. तोंड बंद ठेवायला तो उत्तम उपाय होता.

शीतल नकाशा पसरायला जागा शोधत होती. सगळीकडं चिपाडं आणि चिखल. आबा म्हणाले, "हितं ठेवा की चरकावर, सपाट हाय." शीतलनं नकाशा चरकावर मांडला, त्यावर होकायंत्र ठेवलं, वाकून दिशा घेतली.

चरक लोखंडाचा. आख्खाच्या आख्खा, बिडाचा. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई भलतीकडं वळते हे मीच या पोरांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं! मी खाकरलो. शिंकलो. पाय आपटले. मोहिते नावाचा आमचा कॅडेट काळजीनं म्हणाला, "सर, रस बाधला का?" शीतलनं वहीत आकडा लिहिला आणि तुकडी चालू लागली, पश्चिमेऐवजी उत्तरेला. आणि हा मराठीचा प्राध्यापक तोंडाला कुलूप लावून त्यांच्या मागं!

तासभर आम्ही देवळापासून लांब चालत राहिलो. शीतलच्या वडिलांचं ते वाक्य माझ्या कानात घुमत होतं, आणि एकदा तर वाटलं, जाऊ देत दहा गुण, ओरडून सांगावं. एवढ्यात ती थांबली. खाली बघितलं. "सावली पुढं पडायला हवी," ती म्हणाली. "सकाळ आहे, आपण पश्चिमेला चाललोय. मग सावली डाव्या हाताला कशी?"

 ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. "चरक. लोखंड. चूक माझी आहे. बसा, पाणी प्या, मग परत फिरू."  मला तर तिथंच तिची पाठ थोपटावीशी वाटली, पण तेही नियमात बसतं की नाही ठाऊक नव्हतं.

शेजारी एका शेतात भांगलण (खुरप्यानं तण काढणं) चालली होती. तिथल्या म्हातारीनं आम्हाला बघितलं. "उपाशी हाईत पोरं! या गं, या!" भाकरी, कांदा आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) असं सगळं तिनं हातावर ठेवलं. आम्ही मालवणी माणसं तिखट खातो असा माझा तोवर समज होता. मी खर्ड्याचा चांगला मोठा गोळा तोंडात टाकला.

"आई गं! मेलो! पाणी!"

 म्हातारी आनंदानं किंचाळली, "अगं बया, मास्तरला वाचा फुटली!"

शीतलनं वही काढली. मी तिच्याकडं बघून दोन्ही हात जोडले, नको-नको अशी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते निम्मं मिरचीचं, निम्मं शरमेचं. तिनं शांतपणे लिहिलं: निरीक्षक, चार शब्द. ज्या जिभेवर आजवर पोट भरलं, तिनंच पोरीचा घात केला.

देवळाशी पोचलो तेव्हा अडीच तास उशीर झाला होता. संध्याकाळी माळावर सगळ्या तुकड्या उभ्या राहिल्या. उशीर सगळ्यांनाच झालेला. एकामागून एक पाच प्रमुखांनी कारण सांगितलं: धुकं होतं, सर. मोहिते शीतलच्या कानात कुजबुजला, "तू पण धुकंच सांग." शीतल पुढं गेली.

"होकायंत्र लोखंडी चरकावर ठेवलं, सर. दिशा चुकली. चूक माझी."

"आणि हे चार शब्द?" वही बघत कर्नलसाहेबांनी विचारलं.

"सरांनी खर्डा खाल्ला, सर."

आख्खा माळ हसला. कर्नलसाहेब हसले नाहीत. त्यांनी चाळीस गुण कापले आणि आमची तुकडी सहावी आली, सहांत. रात्री मी ताट तसंच पुढ्यात ठेवून बसलो. शीतल मात्र दोनदा भात घेऊन जेवली. "तुम्ही जेवा हो सर," ती म्हणाली. "आज रश्शात मिरची कमी आहे."

शेवटच्या दिवशी समारंभाला पाहुणे म्हणून पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आले, छातीवर पदकं. गुऱ्हाळाचे आबा! निवृत्त सुभेदार. कर्नलसाहेबांनी त्यांच्याकडं बोट दाखवलं. "यांच्या गुऱ्हाळावर सपाट जागा एकच आहे, चरकाची. ती दाखवायला मीच यांना सांगितलं होतं. सहाही तुकड्यांनी नकाशा तिथंच ठेवला. धुकं फक्त पाचांना लागलं, आणि त्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन होतं." मग त्यांनी शिफारशीचं एकच नाव वाचलं, शीतल जाधव. आबा ओरडले, "वा गं माझ्या वाघिणी!" आणि मी, पन्नाशीचा बाप्या, सगळ्यांदेखत रडलो. या वेळी खर्डा नव्हता.

देवगडला पोचलो तेव्हा स्टँडवर शीतलचे वडील होते, आणि वाडीतली पाचसहा माणसं. त्यांनी मुलीकडं बघितलंसुद्धा नाही, थेट माझ्यापाशी आले. "सर, काय झाला?"

सांगण्यासारखं पोटात इतकं साठलं होतं की दोन तास पुरले नसते. पण माझा हात आपोआप उचलला गेला आणि शीतलकडं वळला.

"बाबा, मी वाट चुकलंय," ती म्हणाली.

वडिलांचा चेहरा उतरला. वाडीची माणसं चपलांकडं बघू लागली.

"म्हणान माका निवडल्यानी."

त्यांना काही उमगेना. त्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. "सर, ह्या काय सांगता?"

मी ओठ मिटले आणि पुन्हा तिच्याकडं हात केला. शीतलनं बॅग खाली ठेवली, आणि गुऱ्हाळापासून सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.