अकरा खलाशी आणि मावशींचा फोन

मावशींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. नवरा गेला, मुलगा जहाजावर नोकरीला लागला, तेव्हा शिलाई मशीन खिडकीखाली सरकवून त्या बंदरावरच्या प्रार्थनामंदिराच्या कामाला लागल्या. काम साधं होतं. धक्क्याला लागलेल्या जहाजांवर चढायचं, खलाशांसोबत प्रार्थना करायची आणि घरी बोलायला त्यांच्या हातात आपला फोन द्यायचा. ते बोलत असताना मावशी पाठ फिरवून बसत आणि त्यांच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावत. हात रिकामे असले की कान टवकारतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या नाताळला मावशी ज्या जहाजावर गेल्या ते सात महिने धक्क्याच्या टोकाला बेवारस पडलं होतं. मालकाने हात वर केले होते. नळाला गंजाचं पाणी यायचं. किडक्या तांदळाचा फोटो कुणीतरी बाहेर पाठवला, म्हणून कप्तानाने अकराही जणांचे फोन कुलपात ठेवले होते आणि त्यांना खाली उतरायची बंदी केली होती. रस्त्यावरून माणसं सणाच्या पिशव्या सांभाळत जात. वर कठड्याला टेकलेल्यांकडे कुणाचीच मान वळत नसे.

“प्रार्थनेला एक तास,” कप्तान म्हणाला. “बाकी भानगडी नकोत.”

प्रार्थना पाच मिनिटांत आटोपली. “देवाला थोडक्यात सांगितलेलंही कळतं,” म्हणत मावशींनी बटणांच्या डब्यातून फोन काढला.

जेवणाच्या खोलीत रांग लागली. पहिला आचारी. “मावशी, तुम्हीच सांगा हो हिला, मी वाळलोय म्हणून. माझं ऐकत नाही. म्हणते, आचारी कधी वाळतो का?”

मावशी हसल्या, पण आज त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. मुलाच्या जहाजावर सगळ्यांत मिळून उपग्रहावरून चालणारा एकच फोन होता. त्याने निरोप धाडला होता: नाताळला सहा वाजता माझी पाळी. पाच महिने त्यांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता. चेहरा फोटोत सापडायचा, आवाज मात्र झिजत चालला होता. ‘आई’ म्हटल्यावर तो किंचित थांबायचा की नाही, हेसुद्धा आता नक्की आठवेना. सहाच्या आत घरी पोचायचं, दार लावायचं आणि खिडकीशी बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तिसरा इंजिनाला तेलपाणी करणारा. तो बोलत नसे म्हणून सगळे त्याला मुका म्हणत. मावशींच्या मागच्या तीन खेपांना त्याच्या घरचा फोन लागला नव्हता. आज लागला, आणि पडद्यावर त्याची मुलगी आली. तो निघाल्यावर जन्मलेली. मुका एकदम इतका बोलू लागला की आचारी म्हणाला, “अरे, श्वास तरी घे!”

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन थरथरला.

“मावशी, मध्येच दुसरा फोन येतोय. नंबर भलामोठा आहे.”

मावशी वळल्या. घड्याळात चार वाजले होते. सहा म्हणजे त्याच्या जहाजावरचे सहा. जहाज पूर्वेला जातं तसं घड्याळही पुढे सरकवतात, हे खलाशांच्या बायकांना त्यांनीच कितीदा बोटांवर मोजून दाखवलं होतं. स्वतःच्या वेळी मात्र सहा म्हटल्यावर त्यांना फक्त आपल्या खिडकीतले सहा दिसले.

त्यांचा हात पुढे झाला. पडद्यावरच्या पोरीने काहीतरी बोबडं म्हटलं. मुक्याचे डोळे मावशींवर आले. फोन द्यायला तो तयार होता.

“तुमचा आहे का?”

“कुणाचा नाही. बोल तू.”

फोन थरथरत राहिला. मग थांबला.

मुक्याने फोन परत दिला, तेव्हा पुढच्याने हात पसरला. “जरा थांब,” मावशी म्हणाल्या. “तापलाय. निवू दे.”

फोन मांडीवर दोन्ही तळव्यांत धरून त्या बसल्या. त्या नंबरवर उलटा फोन लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. मुलाची पुढची पाळी कधी येईल, हे मात्र माहीत नव्हतं. वाट बघणं रांगेतल्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. फोन खरंच गार होत गेला.

वर कप्तानाची खुर्ची सरकली. आठ जण उरले होते.

मावशींनी बाहीने काच पुसली.

“घे,” त्या म्हणाल्या. “घरचा नंबर सांग.”