बसणारी बाई

आमच्या ग्रामीण रुग्णालयात आम्ही सगळ्या सिस्टर उभ्या असायचो, आणि एकट्या बाई बसलेल्या असायच्या. पेशंट छाती धरून आला, धापा टाकत आला, की त्या कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढायच्या आणि त्याच्या पलंगाला लागून बसायच्या. स्टूल सापडलं नाही तर खाली फरशीवर. आपलं डोकं पेशंटच्या डोक्याच्या वर राहू नये, एवढं पाहायच्या. लोकांनी त्यांचं नावच पाडलं होतं, 'बसनारी बाई'. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बहुधा तिथंच राहिलं.

मी रुजू झाले तेव्हा माझ्याजवळ नागपूरहून केलेला मानसिक आरोग्याच्या नर्सिंगचा कोर्स होता. चिंताविकाराचे प्रकार, लक्षणं, औषधं, सगळं तोंडपाठ. बाई जुन्या काळच्या, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. त्यांना एकाही प्रकाराचं पुस्तकी नाव धड सांगता येत नसे. तरी पेशंट दारातूनच मला विचारायचे, "बाई कुठी आहे?" पहिले काही दिवस मी हसून बोट दाखवलं. पुढे पुढे मला तो प्रश्न ऐकूच येईनासा झाला.

सूरजागडकडचे लोहखनिजाचे ट्रक आमच्या दारावरून जातात. त्यातला एक ड्रायव्हर पंधरा दिवसांत तीनदा आला. छाती आवळते, हाताला मुंग्या येतात, "मी मरून राह्यलो, सिस्टर." पहिल्या दोन्ही वेळा ईसीजी साफ निघाला आणि दोन्ही वेळा मी त्याला सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही, घाबरू नका." तिसऱ्या वेळी बाई ड्यूटीवर होत्या. त्यांनी आधी डॉक्टरांना बोलावलं, पुन्हा ईसीजी काढून घेतला आणि मग स्टूल ओढून बसल्या. "भाऊ, गरम चहावर फुंकर मारतोस ना, तसा श्वास सोड. हळू. मी इथीच आहो." पाव तासात त्याचे खांदे खाली आले. नंतर पुढच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन तो नेमानं येत राहिला, पण धावत कधी आला नाही.

त्या दिवशी बाई मला बाहेर म्हणाल्या, "त्याले काई नाई झालं असं नोको म्हनत जाऊ. त्याले झालं आहे. हृदयाले नाई झालं, एवढंच."

हे वाक्य माझ्या वहीत होतं. वेगळ्या शब्दांत, पण होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. ऐन वेळी माझ्या तोंडून का निघालं नाही, याबद्दल राग मला स्वतःचा यायला हवा होता. तो बाईंचा आला.

मग जंगलाला लागून असलेल्या एका गावातली एक पेशंट आली. तिच्या शेजारणीला मोहाची फुलं वेचताना वाघानं नेलं होतं. तेव्हापासून ही घराबाहेर पडत नव्हती. नवऱ्यानं तिला अक्षरशः धरून आणलं. मी तिच्यासाठी तक्ता केला, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत एक ते दहा पायऱ्या, रंगीत पेनानं आखलेला. बाईंनी तो कौतुकानं पाहिला आणि म्हणाल्या, "जंगलातलं भ्या राहू दे हो. ते काढशीन तर हे बाई मरन. चुलीजवळ बसून जे भ्या वाटते, तेवढं काढू." दर आठवड्याला त्या तिच्या गावी जायच्या, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या वेळात. आधी ती दारापर्यंत आली, मग हातपंपापर्यंत, मग चार बायांसोबत बाजाराला. माझ्याच तक्त्यातल्या पायऱ्या. पण गावानं नाव घेतलं ते बाईंचं.

इथवर मी सहन केलं. पण मग माझी आई आली.

बाबा तीन वर्षांपूर्वी अपघातात गेले. तेव्हापासून आईला रात्री झोप नव्हती, छातीत धडधड होती. मी दुपारपाळीला असले की तिचे फोन सुरू व्हायचे, दर दहा मिनिटांनी एक. मी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या, थायरॉईडसुद्धा. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ती दोन दिवस घ्यायची आणि सोडायची. एकदा तिला दवाखान्यात बसवून मी वॉर्डात गेले. परत आले तर बाई तिच्याजवळ बाकावर बसल्या होत्या आणि आई रडत बोलत होती. मला पाहून दोघी गप्प झाल्या.

ते गप्प होणं मला फार लागलं. माझीच आई, माझ्याच दवाखान्यात, माझ्याच विषयाची पेशंट.

पुढे आई दर बुधवारी येऊ लागली. गोळ्या नेमानं घेऊ लागली. हळूहळू तिचे फोन कमी झाले. एके दिवशी संपूर्ण पाळीत एकच फोन आला. ज्या फोनांनी मी वैतागत होते, त्यांची मी त्या दिवशी वाट पाहत होते.

"काय सांगते ती तुम्हाला?" मी बाईंना विचारलं.

"ते तुह्या मायचं आहे. तिले पूस."

"मी विचारलं तर ती सांगत नाही."

"उभ्या उभ्या पुसत असशीन."

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे तक्रार केली. बाई एका पेशंटजवळ अर्धा अर्धा तास बसतात, रजिस्टरं अपुरी राहतात, बाकीच्यांवर कामाचा बोजा पडतो. एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टर आधीच कामानं वैतागलेले. त्यांनी बाईंना वॉर्डातून काढून औषधभांडारात टाकलं. तिथं त्या खोक्यांच्या मध्ये बसू लागल्या आणि आठवडाभरात पेशंट तिथं जाऊ लागले. बुधवारी माझी आईही वॉर्ड ओलांडून, मला हात दाखवून, सरळ भांडाराकडे गेली.

त्या संध्याकाळी घरी आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिच्या ताटातले खडे मीही वेचू लागले. तिनंच सुरुवात केली.

"तू गाडी घेऊन निघाली का माह्या छातीत धडधडाले लागते. तुह्या बापाले त्याच रस्त्यानं आनलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुले सांगतलं तर तू बीपी मोजते," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "बाई म्हनते, धडधड चढते तशी उतरतेबी. फोन नोको करू, उतरेपर्यंत हाताले काम दे. पोरगी पोचली का एक फोन, निघाली का एक. मंग मी तांदूळ घेऊन बसतो."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की बाईंना वॉर्डात परत घ्या, त्यांची रजिस्टरं मी लिहीन. डॉक्टरांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण घेतलं. पुढची दोन वर्षं मी ती लिहिली. तक्रार कुणी केली, हे बाईंनी मला कधी विचारलं नाही. निरोपाच्या दिवशी शाल अंगावर घेऊन त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, तुही रजिस्टरं लय साफ असतात. मले कधी जमलं नाई." ते कौतुक होतं की दुसरं काही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

निवृत्तीनंतर त्या वडशाला मुलाकडे राहायला गेल्या. पेशंट आता माझ्याजवळ येतात. मी बसते. मात्र त्यांच्यासारखं बसता येतं का, ते मी कुणाला विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात आई म्हणाली, "मी बाईले भेटून येतो." बाबांचा अपघात वडशाच्याच रस्त्यावर झाला होता; ते गेल्यापासून ती तिकडे एकदाही गेली नव्हती. मी रजा टाकली, तर म्हणाली, "तू काऊन? मी एकटी जातो." सकाळी मी तिला बसवर सोडलं. जवसाच्या चटणीचा डबा मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. चेहरा उतरला होता, समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बस सुटली तेव्हा ती शेजारच्या बाईशी काहीतरी बोलत होती. मी हात वर केला होता, पण तिनं पाहिलं नाही.

संध्याकाळी फोन आला. ती पोचली होती. कधी परत येतेस, असं मी विचारलं.

"आनखी दोन दिवस राह्यतो म्हनतो," आई म्हणाली. "तू जेवून घे."