जयाताईंचे चोवीस सेकंद

जया रामटेके मूळच्या भंडाऱ्याच्या. एकोणऐंशी साली ट्रंक ऑपरेटर म्हणून पुण्यात आल्या. कानाला हेडफोन लावून त्या गावोगावचे कॉल जोडायच्या आणि बोलणाऱ्यांच्या मध्ये हळूच विचारायच्या, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" त्यासाठी त्यांना घड्याळ बघावं लागत नसे. तीन मिनिटं त्यांच्या अंगातच भिनली होती. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ आले, खिशांत मोबाईल आले आणि ताईंना बिलाच्या खिडकीत बसवलं. "तिकडे माणसं ऐकू यायची, इकडे नुसतीच दिसतात," त्या म्हणायच्या.

तरुणपणी त्या टेलिफोन खात्याच्या संघातून बास्केटबॉल खेळल्या होत्या. त्यामुळे दोन हजार सालच्या दिवाळीनंतर आमच्या मुलींच्या संघाचे सर नोकरीसाठी बंगळूरला गेले, तेव्हा आमची कर्णधार निकिता थेट ताईंच्या बिबवेवाडीतल्या घरी गेली. सोबत मीही होते. मी भाग्यश्री, तेव्हा वीस वर्षांची आणि संघातली सर्वांत संथ मुलगी.

ताई मेथी निवडत बसल्या होत्या. "आम्हाला शिकवाल का?" असं निकितानं विचारल्यावर वरही न बघता म्हणाल्या, "हरायला शिकवावं लागत नाही. जिंकायचं असेल तर उद्या सहाला या."

सहाला मैदानावर एवढं धुकं असायचं, की खांब दिसायचाच नाही. बास्केटची कडी तेवढी हवेत तरंगत असायची. पहिल्याच दिवशी ताईंनी आम्हाला डोळे मिटून उभं केलं. "चोवीस सेकंद झाले असं वाटलं की हात वर करा." नियम नवा होता. पूर्वी तीस सेकंद मिळायचे, आता चोवीसच्या आत चेंडू बास्केटकडे टाकावाच लागे. आमच्याकडे आकडे दाखवणारं घड्याळही नव्हतं. टेबलावरचा माणूस स्टॉपवॉच बघून एकदम शिट्टी मारायचा. सुरुवातीला माझा हात पंधरालाच वर जायचा. निकिता कॉम्प्युटर कंपनीत रात्रपाळीला असायची, ती उभ्या उभ्या झोपून जायची. पण महिन्याभरानं सगळे हात एकदम वर जायला लागले. धुक्यात तसं उभं राहिलं की वेळ संथ पाण्यासारखा अंगावरून जायचा. मला तर ते खेळण्याहून जास्त आवडू लागलं होतं.

त्या हिवाळ्यात शहरातल्या क्लबांच्या स्पर्धेत आम्ही कशाबशा अंतिम फेरीत पोचलो. लागोपाठच्या रविवारी तीन सामने, दोन जिंकेल त्याचा करंडक. समोर कॅम्पातला क्लब. साखळीत त्यांनी आम्हाला तीस गुणांनी धुतलं होतं. त्यांची दीपाली जवळजवळ सहा फुटी होती आणि बाकीच्या हरणासारख्या पळायच्या.

"त्या पळाल्या की आपण संपलो," ताई म्हणाल्या. "तेव्हा पळू द्यायचं नाही. चेंडू वीस सेकंद आपल्यातच फिरवायचा, मग टाकायचा. टाकला की त्याच्यामागे जायचं नाही, पाचही जणींनी मागे फिरायचं. दीपाली लांबून टाकत असेल तर खुशाल टाकू द्या. बास्केटखाली मात्र येऊ देऊ नका."

पहिल्या सामन्यात आमचा चेंडू फिरतोय, फिरतोय, फिरतोच आहे. एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "हे बास्केटबॉल आहे की पोस्टातली रांग?" आम्ही अडतीस-पस्तीसनं जिंकलो.

दुसऱ्या रविवारी कॅम्पातल्या मुली शहाण्या झाल्या. आमच्याच बास्केटखालून प्रत्येकीला चिकटल्या, चेंडू पुढे नेऊच देईनात. आम्ही सव्वीस गुणांनी हरलो. बुधवारी ताई खडू घेऊन आल्या आणि मैदानाच्या मधोमध एक गोल काढला.

"पुण्याहून नागपूरची लाईन मिळाली नाही की आम्ही जळगावला सांगायचो. जळगाव पुढे जोडून द्यायचं." मग माझ्याकडे वळल्या. "भाग्यश्री, तू जळगाव. इथं उभी राहा. पळायचं नाही, फक्त मोकळी दिसायचं."

"आणि माझ्याकडून चुकला तर?"

"राँग नंबर. परत लावायचा."

तिसऱ्या सामन्यात त्या पुन्हा चिकटल्या आणि मागून हाक आली, "जळगाव!" चेंडू माझ्या हातात आला. मी वळले आणि पुढच्या मुलीकडे दिला. पुन्हा हाक, पुन्हा चेंडू. सगळ्या जणी माझ्या भोवतीनं पळत होत्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही मागे पडत नव्हते. लोकांचा गलका दूर कुठेतरी, पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

शेवटच्या मिनिटाला एक्केचाळीस-एक्केचाळीस. निकितानं अर्धवट मिटल्या डोळ्यांनी चेंडू थपथपवत ठेवला आणि विसाव्या सेकंदाला माझ्याकडे टाकला. मी तोवर बास्केटजवळ येऊन उभी होते. पुढे कुणीच मोकळं नव्हतं, म्हणून मीच टाकला. तो चुकला, पण अडवताना दीपालीचा हात माझ्या मनगटावर बसला आणि पंचांनी मला दोन फ्री थ्रो दिले. पहिला कडीला लागून बाहेर. दुसरा आत.

सहा सेकंद उरले. आम्ही बास्केटखाली दाटी केली. दीपालीनं लांबून टाकला. चेंडू कडीवर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि बाहेर पडला.

मुली ओरडत सुटल्या. ताई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "थांब जरा. ऐकू दे."

करंडक मिळाल्यावर दीपाली ताईंसमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल झाले होते. "ताई, आमच्याकडे याल शिकवायला?"

"मी नाही येणार. तू ये बिबवेवाडीला. सहा म्हणजे सहाला."

आम्ही हसलो. पुढच्या रविवारी मात्र ती खरंच आली, पावणेसहालाच, स्वतःचा चेंडू घेऊन. ताईंनी तो काढून घेतला आणि तिच्या हातात खराटा दिला. "आधी पाचोळा काढ. घसरून पडशील."

ती वाकली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. खराट्याची खरखर तेवढी ऐकू येत राहिली.