साडेसोळा मिलिमीटर

२००४ साली आम्ही वेस्ट विंडसरला राहायला आलो तेव्हा माझ्याकडे मेकॅनिकलची डिग्री होती आणि डिपेंडंट व्हिसा होता. म्हणजे नोकरी करायची नाही. नवरा सकाळी ट्रेन पकडून न्यूयॉर्कला जायचा आणि मी दिवसभर घरात भिंतींशी बोलायची. कल्पना त्याचीच. म्हणाला, गावाकडच्या आपल्या नॅरोगेज गाडीचं मॉडेल करू. रूळ, स्टेशन, वायरिंग तो करणार, डबे मी. स्टेशन तो वीकेंडला मॉडेल ट्रेनवाल्यांच्या क्लबात बांधणार होता, कारण तिथे जागा होती, अवजारं होती.

गणित मी केलं. खरी गाडी किती पट लहान केली ते स्केल, आणि दोन रुळांमधलं अंतर ते गेज. दुकानात सर्रास मिळतं ते एचओ, सत्याऐंशी पट लहान. त्याच्या रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर. पण ते झालं मोठ्या गाडीचं माप. आमची गाडी नॅरोगेज, रुळांत फक्त अडीच फूट अंतर. ती ओ स्केलमध्ये, म्हणजे अठ्ठेचाळीस पट लहान केली, की तिचे रूळही जवळपास तेवढ्याच अंतरावर येतात. तेव्हा रूळ एचओचे विकत आणायचे आणि डबे, माणसं, स्टेशन सगळं जवळजवळ दुप्पट मोठं करायचं. कागदावर काढून दाखवलं तर तो म्हणाला, "यार, तू ग्रेट आहेस." मी हुरळले. हुरळणारच. अमेरिकेत आल्यापासून इंजिनिअर म्हणून मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

पुढचं वर्षभर मी बेसमेंटमध्ये त्या डब्यांत डोकं घालून बसले. खिडक्यांचे गज, लाकडी बाकं, दाराशी टेकलेला गार्ड. बोटांना गोंद चिकटलेला असायचा, आमटी उतू जायची. नवरा रोज संध्याकाळी एखादा डबा उचलून बघायचा आणि म्हणायचा, "छान झालंय." एकदा त्याने क्लबातून रुळाचा तुकडा आणला. माझी चाकं त्यावर सुरळीत धावली. मग शंका कशाची येणार, कप्पाळ?

डिसेंबरात क्लबाचं प्रदर्शन होतं. डबे जुन्या साडीत गुंडाळून मी मांडीवर घेऊन गेले. टेबलावर बघते तर अमेरिकन गाव. बर्फ, डायनर, लाल कोठार. आमच्या स्टेशनचा मागमूस नाही. तरी मी डबा रुळावर ठेवला. चालला बिचारा, आणि पहिल्याच पुलाखाली त्याचं छप्पर अडकलं. फलाटावरची माणसं माझ्या डब्याच्या खिडकीलासुद्धा पोचत नव्हती. सगळंच्या सगळं एचओ.

क्लबातल्या एका म्हाताऱ्याने डबे हातात घेऊन विचारलं, हे कोणी केले? नवरा हसून म्हणाला, "माय वाइफ. कीप्स हर बिझी."

परत येताना गाडीत मी विचारलं, हे कधी ठरलं?

"मार्चमध्ये. सगळे एचओ करणार होते, मी एकटा काय वेगळं करणार?"

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तुझा वेळ छान जात होता ना. उगाच हिरमोड कशाला?"

वेळ जात होता म्हणे. मी काम करत होते आणि हा मला खेळवत होता, रडक्या पोराला खुळखुळा देतात तसं. स्केल बदललं त्याचं मला एवढं दुःख नाही. सांगितलं असतं तर भांडले असते, रुसले असते, आणि दुसऱ्या दिवशी नव्या मापाने कामाला लागले असते. पण मार्चपासून डिसेंबरपर्यंत, या डब्यांचा काही उपयोग नाही हे माहीत असताना, हा माणूस रोज संध्याकाळी बेसमेंटमध्ये उतरला आणि माझ्या तोंडावर छान म्हणाला.

पुढे मला वर्क परमिट मिळालं, नोकरी लागली. संसार नीट चाललाय. पण आजही भाजी छान झालीय असं तो म्हणाला, की मी आधी स्वतः चाखून बघते.