नलूची नऊवारी आणि दारूचं दुकान

नलू गेल्याचं मला तिच्या वकिलानं सांगितलं. सकाळीच फोन आला, "मासीमा, वाईट बातमी आहे," आणि मला आधी वाटलं, केस हरलो. इतकी मी त्या दारूच्या दुकानात गुंतले होते... हरलो नव्हतो, नलूच झोपेत गेली होती.

बंगालात, बराकपूरला आम्ही दोघी नवऱ्यांच्या बदल्यांमागून आलो आणि इथल्याच झालो. नलूनं गल्लीतल्या मुलींच्या शाळेत वीस वर्षं शिवण शिकवलं. त्याच गल्लीत, वळणावर, दारूचं दुकान उघडलं. शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत ते चालत नाही. कागदावर मात्र ते लांब दाखवलेलं. मुली खाली मान घालून पलीकडच्या कडेनं जायला लागल्या आणि नलूचं डोकं फिरलं. वकील म्हणाला, अंतर चालत्या वाटेनं धरतात. नलूनं ठरवलं, आधी आपण मोजू. नियमात बसलं तरच अर्ज. पण शिवणाची फीत पाच फुटांची, आणि फोनमधला नकाशा छपरांवरून उडणारा. मग तिला आठवली ती तिच्या आईची नऊवारी, जी तिनं मला फार पूर्वी प्रेमानं दिली होती. "काढ," म्हणाली. मी काढली.

भर दुपारी दोन म्हाताऱ्या गल्लीत साडी अंथरताहेत, उचलताहेत, पुन्हा अंथरताहेत... पानवाला मोठ्यानं आकडे मोजत होता. चाळीस वेळा. नऊनं गुणलं, तर दुकान नियमाच्या पलीकडे. नलू एका पायरीवर बसली. "संपलं," म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आता बोलणं भाग होतं. तरुणपणीची मी म्हणजे काय वर्णावी! गॉगल लावून बंगाली शेजारणींपुढे मिरवणारी. नऊवारी नेसायची लाज, म्हणून त्या साडीतले दोन वार कापून मी खिडकीला पडदे केले होते. नलू यायची म्हटलं की पडदे उतरवून ठेवायची. एवढी हुशार.

"नलू, ही नऊवारी नाही. सातवारी आहे."

तिनं टोकाची माझी वाकडीतिकडी दुमड पाहिली. आता बसणार शिव्या, म्हणून मी मान खाली घातली.

"चाळीस साते?"

"दोनशे ऐंशी."

"मग दुकान आत आहे," म्हणाली आणि उठलीच. पडद्यांचं संध्याकाळी निघालं, तेही एवढंच, "कापायचीच होती तर सरळ तरी कापायचीस."

अर्ज झाला. कोर्टानं नव्यानं मोजायला सांगितलं, आणि ते व्हायच्या आधीच ती गेली. वकील चाचरत म्हणाला, अर्जदारच उरल्या नाहीत; दुसरं कुणी पुढं आलं नाही तर दुकानवाल्याचं फावेल. घरच्यांनी मला समजावलं, या वयात कोर्टकचेऱ्या नकोत. समजून घ्यायचं वयही गेलंय माझं. मी सही केली.

नलू रोज शाळा सुटायच्या वेळी त्या दुकानासमोर उभी राहायची. गिऱ्हाइकांना नावानं हाक मारून लेकीबाळींची खुशाली विचारायची. निम्मे तिथूनच परतत. आता मी जाते. मला नावं ठाऊक नाहीत, म्हणून नुसती टक लावून बघते. परवा मालक बाहेर आला, हात जोडून म्हणाला, "मासीमा, कशाला उभ्या राहता? पाय दुखतील." मी म्हटलं, खरंय बाबा, खुर्ची दे. त्यानं दिली.

मी ती त्याच्या दारातच मांडली... आणि बसले.