नवमीला देवाजवळ राहिलेली पहार

ये गो सुलू, अशी जवळ बस. पत्रातून बसायचं तर पत्रातून, पण लक्ष इकडे दे. मावशी म्हणून रागावते, आणि ज्यांचे घो, नवरे, ट्रक चालवतात त्या सगळ्याजणींवर रागावते. तू लिहिलंस, नवरा पहार, जॅक, कोयता सगळं पेटीत कुलूप लावून ठेवतो, पेटी मालाखाली, चावी खिशात. हुशारी ती! चोर नेणार नाही हे खरं. पण वेळेला त्याला तरी मिळेल का?

"गँगरीन झालंय," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तुझे काका खाटेवर होते आणि मी कोल्हापूरच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. मला तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी समजावलं, रक्त पोचलं नाही की मांस जिवंत माणसाच्या अंगावरच मरतं. "बाई, डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. नाहीतर माणूस जाईल. सही करता येते का?"

येत होती. घरी बसून स्वतः शिकले होते. त्या दिवशी वाटलं, कशाला शिकले!

महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. तुझे काका मालवणहून नारळ घेऊन घाटावर जायचे. खंडेनवमीची सकाळ. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं देवापुढे मांडतात, दुसऱ्या दिवशी दसरा झाल्यावर उचलतात. मी ट्रकातली पहार, कोयता, नट आवळायचे पाने, सगळं धुऊन मांडलं, झेंडू वाहिला. आणि व्यापाऱ्याचा निरोप आला, दसऱ्याच्या बाजाराला नारळ आजच पोचायला हवेत. क्लीनर सणाला आपल्या गावी गेलेला.

निघताना हे म्हणाले, "पहार तरी दी गो."

"मांडलेली पूजा मोडूची नाय. एका दिवसात काय होतला?"

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे असते तर आज त्याच्याशी भांडले असते.

घाट चढताना वळणावर समोरून गाडी आली. तिला वाट द्यायला ह्यांनी ट्रक डोंगराच्या अंगाला घेतला, तो कातळावर आदळला. मागचे नारळ पुढे आले, केबिनची लाकडी पाठ फुटली, सीट पुढे सरकली. डावा पाय पत्र्याखाली, उजवा हात दारात. माणूस शुद्धीवर, बोलतोय, पण निघता येत नाही.

पहिला ट्रक थांबला. ड्रायव्हर धावत आला. "पहार आसा?" ह्यांनी विचारलं. त्याची घरी, पूजेला. दुसरा थांबला. त्याचीही पूजेला! सुलू, मला हसू येतं आणि कपाळ बडवावंसं वाटतं. लिंबू-मिरची मात्र सगळ्यांच्या ट्रकाच्या नाकावर होती.

शेवटी कुणीतरी खाली पळाला. रस्त्याच्या कामाचे लोक झाडाखाली फावडी, पहारी मांडून, हार घालून बसले होते. एकजण हळूहळू हार सोडवू लागला. म्हातारा मुकादम ओरडला, "अरे हार खंय काढतस? आधी माणूस काढ!"

"देव काय म्हणतलो?"

"देवाक मी सांगतंय. तू धाव!"

झेंडूच्या माळेसकट पहार आली आणि घटकाभरात हे बाहेर निघाले. पण तोवर अडीच तास पाय दाबलेला. डॉक्टर त्याला क्रश इंज्युरी म्हणाले, म्हणजे चिरडून झालेली इजा. हाड मोडण्यापेक्षा वाईट, कारण नसा दबतात. मी विचारलं, लवकर निघाले असते तर? त्यांनी चष्मा पुसला. "तासाभरात काढले असते तर पाय बहुधा राहिला असता."

तीन दिवस वाट पाहिली. रोज सकाळी डॉक्टर पावलाला सुई टोचायचे. "कळतंय?" हे म्हणायचे, "कळता." तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं, सुई हवेतच धरली आणि विचारलं, "कळतंय?"

"कळता," हे म्हणाले.

मी पदर तोंडात कोंबला. मग सही केली.

पुढे महिनाभर त्याच खाटेपाशी. पाय नाही, पण बोटं खाजायची. ह्याला फँटम पेन म्हणतात, गेलेल्या अवयवाची दुखणी. ती खोटी नसतात, उगाच भांडू नकोस. हे म्हणायचे, "अंगठो खाजव गो," आणि मी रिकाम्या चादरीवर खाजवायचे. बरं वाटायचं त्यांना. भेटायला येणारे मात्र म्हणायचे, "नशिबात होतां." मी म्हणायचे, नशीब माझ्या देव्हाऱ्यात झेंडू घालून बसलं होतं!

त्या डॉक्टरांचे आणि मुकादमाचे उपकार आहेत. पाय गेला, माणूस घरी आला. आता ऐक. पहार आखूड घ्यायची, सीटच्या पाठीला एका सैल फासात अडकवायची, ओढली की सुटेल अशी. कोयता शेजारी, दोऱ्या कापायला. दोन्ही डाव्या हातानेसुद्धा निघाली पाहिजेत, कारण कुठला हात अडकेल ते कातळ विचारून ठरवत नाही. बाटलीभर पाणी, बांधायला स्वच्छ फडकं. आणि क्लीनरला सगळं ठाऊक हवं.

नवमीची पूजा मी सोडलेली नाही. कुंकू घेऊन मीच गावातल्या ट्रकांत चढते. हत्यार जागेवरून हलत नाही, देवच तिथे येतो. पहिल्या वर्षी बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत.

तर आता पुढच्या रविवारीच या दोघं. त्याला ट्रक घेऊनच आण. काका पडवीत बसलेलेच असतात, ते त्याला सीटवर बसवून पहार काढायला लावणार. तीनदा फटकन निघाली की मी ताट वाढेन, सुरमई आणून ठेवते. त्याला राग येईल, येऊ दे. रागाने निघून गेला तरी दोन पायांवर जाईल. लवकर या गो.