नववा प्रश्न

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. तेल्हाऱ्यात मी ब्लाउज शिवायची, आणि बायका म्हणायच्या, हिच्या मशीनपेक्षा हिची जीभ जोरात चालते. त्या साली दोन्ही बंद पडली. लागोपाठ दुसऱ्या हंगामात बोंडअळीनं कपाशी खाल्ली. घरातले सगळेच गप्प झाले. बाकीचे हळूहळू सावरले, मी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. दर आठवड्याला एसटीनं येणं झेपायचं नाही म्हणून मोबाइलवरचा इलाजही लावून दिला. सोमवारी एक धडा ऐकायचा, काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि गुरुवारी समुपदेशक पोरीचा फोन. पहिल्याच फोनला ती म्हणाली, रोज एक छोटं काम करा. मी उसळले, "बाई, जिंदगीभर कामच करून राहिली मी, अन् तू मले कामाचाच इलाज सांगून राहिली?" ती हसली. म्हणाली, "मग ब्लाउजला एक हूक लावा. दिवसाला एकच."

एक हूक! असा संताप आला म्हणून सांगू! पण लावला. मनात येईल ते वहीत लिहायचं होतं. 'माझ्याच्यानं आता काहीच होत नाही' असं लिहिलेलं फोनवर वाचून दाखवलं की ती विचारायची, मग काल हूक कोणी लावला? दुसऱ्या दिवशी मी आणखी एक हूक लावायची.

मोबाइल घरात एकच, आमच्या ह्यांचा. हे चष्मा लावून माझ्या उशाशी बसत आणि प्रश्न वाचत. झोप लागते काय? जेवण जाते काय? मी पडल्या पडल्या सांगे, हे बोटानं दाबत. प्रश्न आठ होते.

एका सोमवारी हे वावरात गेले आणि मोबाइल चार्जिंगला घरीच राहिला. म्हटलं, आज आपणच भरू. आठ झाले आणि नववा आला. मरून गेलेलं बरं, असं वाटतं का?

वाटत होतं. मी 'जवळपास रोज' दाबलं.

थोड्याच वेळात त्या पोरीचा फोन आला. घाबरली नाही ती, सरळ विचारलं, "आत्ता जवळ कोण आहे?" शेजारच्या चाचीला बोलवायला लावलं. चाची हातातली सुई तशीच घेऊन आली, "बेटी, मैं इधरीच हूँ," म्हणत संध्याकाळपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी अकोला गाठलं, गोळ्या बदलल्या.

घरी आल्यावर मी ह्यांना धरलं. "इतके सोमवार नववा काहून नाही वाचला?"

"मीच 'कधीच नाही' दाबत होतो," हे म्हणाले. "इचारलं असतं अन् तू हो म्हणली असती, तं मी काय केलं असतं?"

राग आला, खोटं कशाला सांगू? पण हे रडत होते. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं मी ते.

पुढच्या सोमवारी ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे केला. मी परत ह्यांच्या हातात दिला. "तुमीच वाचा. नववा पहिले."

ह्यांनी चष्मा पुसला. नववा पुरता वाचला.

"काल वाटलं," मी म्हटलं. "आज नाही."

ह्यांचं बोट मोबाइलवर आलं, थांबलं. मोबाइल खाली ठेवून हे म्हणाले, "पहिले कालचं सांग मले."